मारोतरावांच्या दोन जबान्या

१

“कायद्याचा हात लय लांब असते! गुन्हेगार पाताळात दडून बसला, तरी हा हात त्याले शेंडीले धरून वर काढते!”

जमादार शालिकरामांनी ही घोषणा मारोतरावांच्या ओट्यावर उभं राहून केली, तेव्हा कायद्याचा एक हात आभाळाकडे होता आणि दुसरा दाराच्या फटीत अडकला होता. आतून मारोतरावांनी लाथेनं दार लोटलं होतं. चौघांनी जोर लावून बोटं सोडवली, गिरजाबाईंनी त्यांवर तेल चोळलं, आणि मग तपास रीतसर सुरू झाला.

मारोतराव म्हणजे जऊळक्यातलं वजनदार माणूस. देवळात पहिला नारळ त्यांचा, पंगतीत पहिलं पान त्यांचं, आणि दुसऱ्याच्या घरी काय शिजावं यावर पहिलं मतही त्यांचंच. हे मारोतराव त्या सकाळी अंगातली बंडी फाडून, धोतर-उपरण्यावर, बाजेवर उकिडवे बसले होते. तोंड लालबुंद. अंग तापल्या तव्यासारखं, पण घामाचा थेंब नाही. जीभ वाळून लाकूड झालेली. डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या, बाकी डोळा जवळजवळ नाहीच. आणि हात सारखे चालू. हवेतून काहीतरी उचलायचे, उपरण्याला पुसायचे, डावीकडे पाहायचे, उजवीकडे पाहायचे, चिमटीनं त्यावर काहीतरी भुरभुरायचे, मग मान पुढे काढून हवेचा लचका तोडायचे आणि मिशा पुसायचे. झालं, की पुन्हा पहिल्यापासून.

“आसरायनं धरलं दादाले,” गिरजाबाई म्हणाल्या. ही त्यांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडेच होती. आसरा म्हणजे विहिरीवरच्या देवता. त्यांचे शेंदूर लावलेले दगड मळ्यातल्या विहिरीवर होते आणि मारोतराव रोज सकाळी तिथं हात जोडायला जात.

“आसरा नाई, बाई. हे इष हाय,” जमादार सुजलेली बोटं फुंकत म्हणाले.

“अन् इष कोन देईन?” मारोतरावांचा धाकटा भाऊ जगदेव भिंतीला टेकून बोलला. “ज्याच्या हातचं खाल्लं, त्यानंच.”

सगळ्यांचे डोळे चुलीकडे गेले. तिथं रुख्मिणी उभी होती. मारोतरावांचा एकुलता मुलगा रामकिसन मागच्या सालच्या तापात गेला, त्याची ही बायको. मारोतराव तिला रिसोडला माहेरी धाडतो म्हणत होते आणि ती जात नव्हती. हे झालं कारण. स्वयंपाक तिच्या हाती होता. ही झाली संधी. आणि झडती घेतल्यावर तिच्या चुलीमागच्या कोनाड्यात धोतऱ्याची वाळलेली पानं निघाली. एवढं जुळून आल्यावर आणखी विचार करणं जमादारांना सरकारी वेळेचा अपव्यय वाटला. त्यांनी तिच्या मनगटांना दोरी बांधली.

“दुपारच्या गाडीनं हिले वाशीमले नेतो. पुढचं कोर्ट पाहीन.”

रुख्मिणीनं दोरीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, “मामंजी वाचतीन का?”

हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. दारात उभा असलेला, त्यांचा मळा कसणारा नथ्थू माळी तो ऐकून तडक स्टेशनाकडे पळत सुटला.

२

डॉक्टर फुलचंद हे वाशीमचे डोळ्यांचे डॉक्टर. बाजाराच्या दिवशी जऊळक्याच्या स्टेशनाजवळ धर्मशाळेत बसून म्हाताऱ्यांचे डोळे पाहायचे. अंगानं किरकोळ आणि स्वभावानं भित्रे. भीती वाटली की पुस्तकी मराठी बोलायचे, जिवात जीव आला की वऱ्हाडी. बाजेजवळ येताच ते म्हणाले, “रुग्णाची अवस्था अत्यंत चिंताजनक आहे.” नथ्थू मटकन खाली बसला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती पळत होती. ओटीपोट चाचपलं, ते फुगलेलं होतं. लघवी तुंबली होती. मेणबत्ती डोळ्यांपुढे धरली, तर बाहुल्या हलल्या नाहीत.

“धोतऱ्यासारखं दिसतं,” ते हळूच म्हणाले.

“मी काय सांगून राह्यलो?” जमादार म्हणाले. “पानं सापडली ना!”

“सारखं दिसणं आणि असणं यांत एका माणसाच्या जिवाचं अंतर आहे.” डॉक्टरांनी पेटी उघडली. “माझ्याकडे दोन औषधं असतात. एक डोळ्याची बाहुली मोठी करतं, ते धोतऱ्याच्याच जातीचं. दुसरं बाहुली मोहरीएवढी बारीक करतं. काचबिंदूला घालतो आम्ही. त्याचं नाव एसरीन. पहिल्याचा उतारा दुसरं. पण दुसरंही जहर आहे. पोटात धोतरा असेल तर हा माणूस शुद्धीवर येईल. नसेल, तर त्याचं काळीज थांबेल, आणि मग तुम्हाला त्या बाईऐवजी मला न्यावं लागेल.”

जमादारांनी दोरी केवढी उरली आहे ते नजरेनं मोजलं.

“मंग द्यायचं का नाई?” गिरजाबाई रडकुंडीला आल्या.

“घरात मांजर आहे?”

मांजर होती. गिरजाबाईंचीच. डॉक्टरांनी रबरी नळीनं मारोतरावांची तुंबलेली लघवी काढली आणि तिचे थेंब मांजरीच्या एका डोळ्यात सोडले. गावातल्या सर्वांत सोवळ्या माणसाची ही गत पाहून बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. काहींनी हसू लपवायला घातल्या असाव्यात.

मांजर अंगणात उन्हात बसवली. बराच वेळ काही झालं नाही. जगदेव म्हणाला, “डॉक्टर, हे तपासणं हाय का मस्करी?”

“पोटातला धोतरा लघवीत उतरतो. नीट पाहा तिच्याकडे.”

भर उन्हात मांजरीच्या एका डोळ्यात बाहुलीची बारीक उभी रेघ होती. दुसऱ्या डोळ्यात काळा, गोल, पुरा चंद्र उगवला होता.

“धोतराच,” डॉक्टर म्हणाले, आणि पिचकारी उकळायला टाकली.

३

पण सुई टोचायची घाई त्यांनी केली नाही. आधी त्यांनी घरच्यांची उलटतपासणी घेतली.

“हे कधी भोवळ येऊन पडले होते? नाडी मंद पडल्याचं कोण्या वैद्यानं सांगितलं होतं?”

“नाई.”

“दमा? दमेकऱ्याला हे औषध दिलं तर छाती आवळते. नीट आठवून सांगा.”

“दादाले नाई,” गिरजाबाई चटकन म्हणाल्या. “दमा मले हाय.”

डॉक्टरांचा हात थांबला. “तुम्ही दम्यावर काय घेता?”

उत्तर चुलीकडून आलं. “आत्याबाईले धाप लागली का मी धोतऱ्याचं पान चिलमीत भरून देतो,” रुख्मिणी म्हणाली. “त्यायच्यासाठीच वाळवून ठेवलं व्हतं.”

“अन् तुमी मघा बोलल्या नाई?” जमादारांनी विचारलं.

“म्या चिलीम वढतो, हे चारचौघात सांगू?” गिरजाबाईंनी पदर तोंडावर ओढला. “लोक काय म्हनतीन!”

जमादार जरा विचारात पडले, पण कायद्यानं त्यांना सावरलं. “पान कोनासाठी बी असो. पान तर घरात हाय ना.”

हे बरोबर होतं, म्हणून डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन पिचकाऱ्या भरल्या. एक स्वतः घेतली. दुसरी कोणाच्या हाती द्यावी म्हणून सगळ्यांचे हात पाहिले. जगदेवचे थरथरत होते, गिरजाबाईंचे डोळे पुसत होते, जमादारांचे सुजले होते.

“या बाईचा एक हात सोडा.”

“आरोपीच्या हाती सुई?”

“तिचाच हात स्थिर आहे.”

दोरी एका मनगटावर राहिली. डॉक्टरांनी रुख्मिणीला सांगितलं, “मी ‘दे’ म्हटलं की ही मला द्यायची. यात धोतऱ्याचं सत्त्व आहे. उतारा जास्त झाला, नाडी बसायला लागली, तोंडातून लाळ गळायला लागली, तर हे टोचायचं.”

जमादारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “थांबा. इषाले इष, अन् त्या इषाले पुन्हा पहिलंच इष?”

“हो.”

“ही तर भाऊबंदकी झाली!”

जगदेवनं उगाचच छपराकडे पाहिलं.

डॉक्टरांनी एक बोट नाडीवर ठेवून थोडंसं औषध सोडलं. थांबले. आणखी थोडं सोडलं. पुन्हा थांबले. खोलीत मारोतरावांची पुटपुट तेवढी ऐकू येत होती. मग ती अडखळली. हवेतला हात हवेतच राहिला. कपाळावर घाम दिसला, आणि त्या घामाकडे डॉक्टर असे पाहत राहिले, जसा दुसरा कोणी सोन्याकडे पाहील.

“एवढी गर्दी कायले?” मारोतराव म्हणाले. “कोन मेलं?”

गिरजाबाईंनी हंबरडा फोडला. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “मारोतराव, हा उतारा फार वेळ टिकत नसते. झटकन सांगा. आज सकाळी काय खाल्लं?”

मारोतरावांनी तोंड उघडलं. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली, दारातल्या नथ्थू माळ्यावर क्षणभर अडली, आणि खाली गेली.

“घरचं पिठलं-भाकर. सुनेच्या हातची.”

“दुसरं काही?”

“दुसरं काय खाईन मी?” मारोतराव करड्या आवाजात म्हणाले. “मी काय बाहेरचं खानारा मानूस हाय?”

जमादारांनी रुख्मिणीच्या हातातली पिचकारी काढून घेतली आणि दोरीचा दुसरा फेरा घातला.

४

थोड्या वेळानं मारोतरावांचा घाम वाळला आणि हात पुन्हा हवेत गेले.

“उतारा लवकर उतरते, धोतरा पोटात बसून राह्यते,” डॉक्टर म्हणाले. “इलायतेतल्या लढाईपायी एसरीन येणं बंद हाय. माह्यापाशी आता एका खेपेपुरतं उरलं. जीव धोक्यात दिसला तरच देईन.”

त्यांनी मारोतरावांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि बाजेशेजारी बसून एकेकाला बोलावलं.

“पिठलं कोणी कोणी खाल्लं?” त्यांनी जगदेवला विचारलं.

“सगळ्यायनं.”

“तुम्ही?”

“म्या... दोनदा घेतलं.”

“आणि ठणठणीत आहात.”

“तिनं भाऊच्याच ताटात टाकलं असंन.”

“मामंजी कोनाच्या हातून वाढून घेत नाईत,” रुख्मिणी म्हणाली. “पहिले सोता गंजातून घेतात, मंग आमी. काकाजी, खोटं असंन तर सांगा.”

जगदेवनं सांगितलं नाही. त्याला वाटणी हवी होती, ती मिळायची लक्षणं दिसत होती. पण गंजाबाबत, म्हणजे त्या पातेल्याबाबत, खोटं बोलायचं त्याच्याही जिवावर आलं. “खरं हाय,” तो पुटपुटला.

“मग बाहेर काही खाल्लं असेल.”

“माहा दादा?” गिरजाबाई उसळल्या. “त्यायनं हाटेलातला चहा कधी तोंडाले लावला नाई! नथ्थूनं मळ्यात भेदरं लावलं, तवा भर पारावर बोलले, लाल मासावानी दिसते, हे इलायती वांगं जो खाईन तो बाटला. गावातल्या कोनी घेतलं नाई मंग.”

भेदरं म्हणजे टमाटर. मारोतरावांच्या त्या भाषणामुळे नथ्थूला ती जऊळक्यात विकता येत नव्हती. तो वाशीमच्या बाजारावर डोळा ठेवून होता. म्हणजे नथ्थूपाशीही राग धरायला कारण होतं. पण राग धरणारा माणूस डॉक्टर आणायला पळत नाही, असं डॉक्टरांना वाटलं. मग त्यांना वाटलं, घाबरलेला माणूसही पळतो.

त्यांनी विचारणं थांबवलं आणि मारोतरावांकडे पाहत बसले. उचललं. उपरण्याला पुसलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चिमटीनं भुरभुरलं. मान पुढे काढून चावलं. मिशा पुसल्या.

डॉक्टरांनी तेच स्वतः करून पाहिलं. पुन्हा करून पाहिलं. हे आता डॉक्टरांनाही लागलं, असं समजून जमादार दोन पावलं मागे सरले.

मग डॉक्टर वाकले आणि मारोतरावांच्या मिशीतून चिमट्यानं काहीतरी वेचून तळहातावर घेतलं. चपटं, फिकट, इवलंसं बी.

“धोतऱ्याचं!” जमादार ओरडले.

“धोतऱ्याचं बी मोठं असते, खरबरीत. मिरचीचं असतं तर गुळगुळीत लागलं असतं. याच्यावर भिंग धरा, मखमलीवानी लव दिसते. हे भेदराचं.” डॉक्टर वऱ्हाडीत बोलत होते, म्हणजे त्यांची भीती उतरत होती. “मानूस शुद्धीत असला का अब्रू सांभाळून बोलते. भ्रमात त्याले अब्रू नसते, मंग त्याचे हात खरं बोलतात. मले एक सांगा जमादार, पिठलं कोनी उपरण्याले पुसून, वरून मीठ भुरभुरून, अंगावर रस सांडू नये म्हनून मान पुढे काढून खाते का?”

जमादारांनी मनातल्या मनात पिठलं खाऊन पाहिलं. “नाई,” ते म्हणाले.

“अन् खायच्या आंधी दोन्ही बाजूंनी कोन पाह्यते?”

याचं उत्तर मात्र जमादारांना धंद्यामुळे तोंडपाठ होतं. “चोर.”

५

मळा घराला लागूनच होता. आसरांच्या दगडांपुढे पळसाचं एक पान पडलं होतं. त्यावर कुंकू होतं, बाकी काही नव्हतं.

“पहिलं फळ आसरायचं असते,” नथ्थू म्हणाला. “तोवर घरातलं पोट्टं बी वाफ्याले हात लावत नाई. एकच पिकलं व्हतं, ते म्या पहाटे इथं ठेवलं. सूर्य वर आल्यावर पाह्यलं तर नव्हतं. आसरायनं घेतलं म्हनून मले आनंद झाला, साहेब.”

बाकीची भेदरं हिरवी होती. पण झाडं अशी जोमदार, की पाहत राहावं. खोडं अंगठ्याएवढी जाड, आणि प्रत्येक खोडाला वितीवर एक फडकं गुंडाळलेलं.

“हे फडकं कायले?”

नथ्थूचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. “कलम हाय! मागच्या साली मर लागून सगळा वाफा वाळला. धोतरा पाहा, त्याले मर नाई, पानी नाई लागत, ढोर तोंड लावत नाई. म्हटलं, खाली धोतरा ठेवू, वर भेदरं बांधू. म्या संत्र्याच्या बगीच्यात कामाले व्हतो ना. तिथं आंबट जंबेरीच्या मुळावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ आंबट म्हनून संत्रं आंबट येते का? गोडच येते. मंग...”

तो बोलता बोलता थांबला. डॉक्टर काहीच म्हणत नव्हते.

“साहेब, येते का?”

“जंबेरीचा आंबटपणा वर चढत नसेल,” डॉक्टर म्हणाले. “पण खाली मूळ सैपाक करते, अन् वर फळ जेवते. धोतऱ्याच्या मुळानं काय रांधलं, ते पाहावं लागंन.”

पाहायला अंगणात येऊन पुन्हा मांजर धरली. हिरव्या भेदराचा रस पिळून, गाळून, तिच्या दुसऱ्या डोळ्यात सोडला. तिनं डॉक्टरांना ओरबाडलं आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. उन्हात सगळे तिच्याभोवती बसून राहिले. हळूहळू ती उभी रेघ रुंद झाली, गोल झाली. आता दोन्ही डोळ्यांत चंद्र होते, आणि मांजर तुळशीवृंदावनावर आपटली.

नथ्थूनं डोक्याचं मुंडासं काढून तोंडात कोंबलं. हा माल तो आठवड्यानं वाशीमच्या बाजारात नेणार होता.

“भेदरं इषारी, कबूल,” जमादार म्हणाले. “पण मारोतरावायनं ते खाल्लं कशावरून? हातवारे अन् एक बी, यावर मी त्यायचा शब्द खोटा ठरवू? कोर्ट मले हाकलून देईन. ते सोता म्हनले, सुनेचं पिठलं.”

डॉक्टर उत्तर देणार तोच घरातून गिरजाबाईंची किंकाळी आली. “धावा! दादाले झटके येऊन राह्यले!”

६

या खेपेला विचार करायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी उरलेलं एसरीन भरलं. रुख्मिणी न सांगता पुढे आली, दोरीसकट दोन्ही हातांत दुसरी पिचकारी धरून उभी राहिली, आणि जमादारांनी तिला अडवलं नाही.

थोडं सोडलं. थांबले. आणखी थोडं. झटके मंदावले. आणखी थोडं.

“नाडी,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. “नाडी मंद होत आहे.”

मारोतरावांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. डॉक्टरांनी सुई उपसली. नाडीवर बोट ठेवून ते मोजत राहिले आणि त्यांचे ओठ पांढरे पडत गेले. रुख्मिणीनं पिचकारी पुढे केली. डॉक्टरांनी मान हलवली, अजून नाही. जगदेव, ज्याला भाऊ मेला तर सगळं मिळणार होतं, देवाचं नाव घेत होता आणि ते खोटं वाटत नव्हतं.

“येऊन राह्यली,” डॉक्टर म्हणाले. “वर येऊन राह्यली. ते ठेव पोरी खाली, आता नाही लागत.”

मारोतरावांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी त्यांना पाणी पाजलं आणि सगळं सांगितलं. कलम, मांजर, बी, हातवारे. आवाज न चढवता सांगितलं.

“मी?” मारोतराव म्हणाले. “आसरायपुढचं उचलून खाईन? अन् तेही भेदरं? डॉक्टर, तुमी शहरातले. या गावात माह्या शब्दाले...”

“मालक, चूक माही हाय,” नथ्थू रडत म्हणाला. “पन खाल्लं असंन तर सांगा ना.”

मारोतरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. जमादारांनी नाइलाजानं दोरी हाती घेतली. “चाल बाई.”

रुख्मिणी उंबऱ्यापाशी थांबली. “मामंजी, दुपारी दूध घ्या. आत्याबाई तापवतीन. झोपीत पांघरून फेकता तुमी, तेवढं कोनाले तरी पाहा लागंन.”

ती टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मारोतराव तगले असते.

“जमादार,” ते म्हणाले. “सोडा तिले.”

“कोन्या आधारावर?”

मग मारोतरावांनी अगदी हळू, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं, “मीठ मी घरूनच कनवटीले बांधून नेलतं.”

म्हणजे मोह अवचित झालेला नव्हता. ते भेदरं हिरवं होतं तेव्हापासून मारोतराव त्याच्यावर डोळा ठेवून होते. हात जोडायच्या निमित्तानं जाऊन रोज ते लाल होताना पाहत होते.

त्यानंतर खोलीत एकदम सगळे बोलू लागले. गिरजाबाई रुख्मिणीच्या गळ्यात पडल्या आणि चिलमीचंही एकदाचं सर्वांसमोर कबूल करून मोकळ्या झाल्या. नथ्थू कुदळ शोधायला गेला, सगळा वाफा उपटून जाळायला. जमादारांनी दोरी सोडता सोडता कायद्यावर दोन शब्द बोलायला सुरुवात केली. मारोतराव उशीला टेकून कसेबसे उठून बसले, हात उंचावला आणि म्हणाले, “ऐका रे सगळे! आजपासून रुख्मिणी माही सून नाई, माही लेक हाय. या घरात तिचा मान माह्या बरोबरीचा. माह्या नंतर नाई, आजपासूनच. अन् तिच्याबद्दल जो कोनी...”

रुख्मिणी मनगटं चोळत चुलीपाशी गेली, परातीकडे पाहिलं, आणि तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “आजच्या भाकरी तुमी टाका. मले भूक लागली.”